जाम झालेला बॉल जॉइंट: घण उचलायच्या आधी

व्हिडिओमध्ये हात दिसतो, पण हातामागचा हिशेब दिसत नाही. म्हणून या विषयावर लिहायचं ठरवलं. बॉल जॉइंट बदलणं हे तसं रोजचं काम. पण जाम झालेला जॉइंट म्हणजे ज्या गाडीला तुम्ही एक तास धरला होता, ती गाडी दुपारचं जेवण, दोन हेल्परची ताकद आणि संध्याकाळचं गिऱ्हाईक असं सगळं खाऊन टाकते. वर गिऱ्हाईक बाकड्यावर बसून विचारतंच, "भाऊ, अजून किती वेळ लागन?"

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. बॉल जॉइंट आवाज करतोय म्हणून बदलायचा नसतो. तो चाकाला गाडीशी बांधून ठेवतो म्हणून बदलायचा असतो. गोळा कपातून निसटला की चाक आडवं पडतं, आणि त्यावेळी स्टिअरिंग कितीही घट्ट धरलं तरी काही उपयोग नसतो. आपलं बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेलं. मलकापूरकडे उतरायचं तर राजूर घाट. दुसऱ्या बाजूला मेहकर नाहीतर सिंदखेड राजावरून लोक समृद्धीवर चढतात, तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. तुमच्याकडून "चालू द्या अजून महिनाभर" असं ऐकून गेलेली गाडी या दोन्ही रस्त्यांवर जाणार आहे, हे ध्यानात ठेवून सल्ला द्या.

आपल्याकडे तो इतका जाम का होतो?

परदेशातल्या व्हिडिओत तुम्ही पाहिलं असेल, बर्फावर टाकलेल्या मिठामुळे गाड्या खालून सडतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण मीठ आहे बरं का! पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या कितीतरी गावांत बोअरचं पाणी खारं. त्याच पाण्यानं गाडी धुतात, आणि मालकाला वाटतं आपण गाडीची काळजी घेतोय. दुसरं कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती आर्म आणि नकलच्या सांध्यात गच्च बसते आणि आतला ओलावा दिवसेंदिवस सुटू देत नाही. तिसरं, मालवाहू पिकअपमधून खताची पोती जातात. पोतं फुटतं, खत सांडतं, पाण्याबरोबर खाली उतरतं. माझ्याकडे घाटावरच्या गाड्याही येतात आणि घाटाखालच्याही. सारख्याच वयाच्या गाड्यांत खालच्या भागातल्या गाडीचा नट जास्त त्रास देतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की हल्ली एस्टिमेट देण्याआधी गाडी कुठल्या गावची ते विचारतो.

आधी ओळखा, मग हात लावा

ताकद कमी पडली म्हणून जॉइंट निघत नाही, असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा समोर कोणत्या जातीचा जॉइंट आहे तेच पाहिलेलं नसतं. बांधणीच्या हिशेबानं दोन जाती लक्षात ठेवा: टेपरवाला आणि पिंच बोल्टवाला. दोघांचा इलाज पूर्ण वेगळा आहे. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की नुकसान ठरलेलं.

टेपरवाल्यात जॉइंटची दांडी निमुळती असते आणि नकलमधलं भोकही तसंच निमुळतं. खालून किंवा वरून नट आवळला की दांडी भोकात रुतते. खरादीच्या दुकानात ड्रिल टेलस्टॉकमध्ये नुसतं ठोसून बसवतात आणि ते फिरत नाही, पाहिलंय ना? तो मोर्स टेपर. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांच्या नावानं तो आला. तत्त्व तेच. गाड्यांमध्ये १:१० हा टेपर बराच दिसतो, म्हणजे १० मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरनं कमी होतो. उतार इतका कमी की लोखंडावर लोखंडाचं घर्षण त्याला आपोआप सुटू देत नाही. म्हणून नट पूर्ण काढला तरी दांडी जागची हलत नाही. इथे नवीन पोरं घाबरतात आणि म्हणतात, "दादा, हे तर वेल्डिंग झालं!" वेल्डिंग वगैरे काही नसतं. टेपर त्याचं काम करत असतो.

पिंच बोल्टवाल्यात दांडी सरळ असते. नकलला एक चीर असते, दांडी त्यात सरकते आणि आडवा बोल्ट ती चीर आवळतो. मारुतीच्या छोट्या गाड्यांत, म्हणजे अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट यांत हीच पद्धत दिसेल. दांडीला बाजूनं एक खाच असते आणि बोल्ट बरोबर त्या खाचेतून जातो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बोल्ट नुसता ढिला करून काही होणार नाही, तो पूर्ण बाहेर आला पाहिजे. बोल्ट अर्धा आत ठेवून वरून घण मारणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. अशानं नकलचा कान तुटतो. म्हणजे बॉल जॉइंट बदलायला आलेल्या गाडीला तुम्ही नवीन नकल लावून देणार, आणि तीही तुमच्या खिशातून.

गाडी कशी उचलली यावर अर्धं काम

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटमध्येच अडकलेली असते. खालचा जॉइंट सोडल्यावर ती उसळत नाही. पण एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि आर्म खाली दाबू देत नाही. म्हणून समोरच्या दोन्ही बाजू उचला, दोन्हीकडे स्टँड लावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. अंगणात काम करत असाल तर जॅकखाली जाड लोखंडी प्लेट किंवा फळी घ्या. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत जॅक कसा बसतो ते वेगळं सांगायला नको.

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो यांसारख्या गाड्यांचं गणित वेगळं. वर एक आर्म, खाली एक आर्म, आणि स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा सगळा दाब खालच्या आर्मवर. इथे जर गाडी चेसीवर उचलली, खालचा आर्म लोंबकळत ठेवला आणि जॉइंट सोडला, तर तो आर्म खाली जसा येतो ते पाहायला डोकं किंवा हात मध्ये नको. चेसीला स्टँड हवाच. शिवाय खालच्या आर्मला, जॉइंटच्या जमेल तितक्या जवळ, जॅकचा आधार हवा, आणि तो काम संपेपर्यंत काढायचा नाही. हेल्परला "जॅक जरा इकडं आण" म्हणून तोच जॅक दुसऱ्या गाडीला पळवणं आमच्याकडे बंद आहे. दुसरा जॅक नसेल तर दुसरी गाडी थांबेल.

टेपर सोडवायची पद्धत

पहिलं काम तारेच्या ब्रशनं. स्प्लिट पिन काढा, आटे साफ करा, मग गंज सोडवणारा स्प्रे. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी मारा. पण एक लक्षात घ्या, स्प्रेचा उपयोग नटाच्या आट्यांना होतो. टेपरच्या आत तो फारसा शिरत नाही, कारण तिथे जागाच नसते. त्यामुळे "अर्धी बाटली ओतली तरी निघून नाही राहिलं" ही तक्रार स्प्रेबद्दलची नाही.

नट सोडताना कधी कधी दांडीच नटाबरोबर फिरायला लागते. टेपर ढिला झालाय आणि नट मात्र जाम, असा उलटा प्रकार. मग जॅकनं जॉइंटला टेपरच्या दिशेनं दाब द्या, दांडी परत रुतेल आणि नट सुटेल. काही दांड्यांना टोकाला षटकोनी खाच असते, तिथे ॲलन की घालून धरता येतं.

नट सुटला की पूर्ण काढू नका. दांडीच्या टोकाच्या बरोबरीला येईल इतकाच ठेवा. एक तर आटे वाचतात. दुसरं म्हणजे टेपर सुटेल तेव्हा आर्म नटावर अडकेल, तुमच्या बोटांवर पडणार नाही.

आता पुलर लावा. त्याच्या आट्यांना ग्रीस, जबडा सरळ, आणि आवळत जा. इथे बहुतेक जण एक चूक करतात. निघेपर्यंत आवळतच राहतात, शेवटी पुलरचा बोल्ट वाकतो किंवा जबडा उडतो. पुलरनं फक्त ताण द्यायचा. ताण बसला की एक ते दीड किलोची हातोडी घ्या आणि नकलच्या ज्या गोल डोळ्यातून दांडी जाते, त्या डोळ्याच्या बाजूवर एक ठोस फटका मारा. दांडीवर नाही, नटावर नाही, डोळ्याच्या कडेवर. त्या फटक्यानं गोल भोक क्षणभर किंचित लंबगोल होतं, टेपरची पकड सुटते आणि पुलरचा ताण दांडीला बाहेर ढकलतो. "टक्" असा आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकला की परत विसरत नाही.

पुलर नसेल तर दोन हातोड्या. एक जड हातोडी डोळ्याच्या एका बाजूला टेकवून धरायची आणि दुसरीनं समोरच्या बाजूला मारायचं. मागे आधार असल्यामुळे फटका वाया जात नाही. वीस हलक्या ठोक्यांपेक्षा दोन नेमके बरे. डोळ्यांना चष्मा लावा. कडक लोखंडावर कडक लोखंड मारलं की कपची उडते, आणि तिला मिस्त्री कोण आणि हेल्पर कोण ते कळत नाही.

नकल किंवा आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर हातोडी बाजूला ठेवा. तिथे चांगला पुलर आणि धीर. ॲल्युमिनियमला पडलेला खड्डा म्हणजे उद्याची चीर.

फोर्क, म्हणजे ते दोन दातांचं पाचरीसारखं हत्यार, बऱ्याच जणांचं लाडकं आहे. काम पटकन करतं. पण रबर बूट फाडल्याशिवाय सहसा राहत नाही. जॉइंट फेकायचाच असेल तर खुशाल वापरा. पण ड्राइव्ह शाफ्ट काढण्यासाठी चांगला जॉइंट फक्त सोडायचा असेल तर फोर्क लावूच नका. फाटलेल्या बुटात माती गेली की तो जॉइंट एका पावसाळ्याचा सोबती, आणि गिऱ्हाईक म्हणणार तुमच्याकडे येण्याआधी चांगला होता. खरंच होता की!

गॅस मारण्याबद्दल माझं मत बऱ्याच जुन्या मिस्त्रींना आवडत नाही. मी सहसा गॅस मारत नाही. शेजारी ब्रेकचा रबरी पाइप, सीव्ही जॉइंटचा बूट, व्हील बेअरिंगचं ग्रीस, नव्या गाड्यांत एबीएसचा सेन्सर. लाल होईपर्यंत तापवलेल्या नकलची मजबुती आधीसारखी राहील याची हमी कोणी देत नाही. बंद जॉइंटच्या आतलं ग्रीस तापून दाबानं बाहेर फुटू शकतं ते वेगळंच. आधी स्प्रे किंवा डिझेल मारलेलं असेल तर आगीचा धोकाही आहे. अगदी शेवटचा उपाय म्हणून, लोखंडी भागावर, सगळं रबर दूर करून, जॉइंट बदलायचाच असेल तर थोडी ऊब द्या. ॲल्युमिनियमला तेवढंही नको.

पिंच बोल्ट: इथे घण कामाचा नाही

इथे खरा शत्रू तो आडवा बोल्ट. दोन्ही बाजूंनी स्प्रे मारा, नट काढा, आणि बोल्ट सरळ ठोकण्याआधी पान्यानं थोडा मागे-पुढे फिरवून पाहा. फिरला तर निघाला समजा. फिरत नसेल तर नट शेवटच्या आट्यापर्यंत परत लावून त्यावर हलका ठोका द्या, म्हणजे टोक पसरत नाही. जोर लावून बोल्ट तोडलात तर मग ड्रिल आणि खरादी. आडव्या बोल्टला ड्रिल सरळ लागणं गाडीवर अवघडच, बहुतेक वेळा नकल काढून न्यावी लागते.

बोल्ट निघाल्यावर चिरेत छिन्नी किंवा पाचर घालून ती जरा उघडा. जरा म्हणजे जराच, दांडी सैल होण्यापुरती. कान ओतीव असतो, जास्त ताणला की तडकतो. मग लांब टॉमीनं आर्म खाली दाबायचा. टॉमीला साखळी बांधून, साखळी आर्मभोवती घेऊन दाबलं तर एकटा माणूसही करू शकतो. दांडी सुटल्यावर नकल बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटतो. तारेनं बांधून ठेवा, आणि ब्रेकच्या पाइपवर वजन येऊ देऊ नका.

जुना पिंच बोल्ट परत लावू नका. स्वस्त वस्तू आहे. हार्डवेअरच्या दुकानातला "तसाच दिसणारा" बोल्टही नको, कारण त्याच्या डोक्यावरचा ग्रेडचा आकडा कमी असू शकतो. चाक धरून ठेवणारा बोल्ट आहे तो.

परत बसवताना

जुना जॉइंट आर्ममध्ये प्रेस केलेला असेल तर आधी सर्क्लिप काढा, आणि सी आकाराचा प्रेस किंवा बेंच प्रेस वापरा. आर्म जमिनीवर ठेवून ठोकलात तर आर्म वाकतो आणि अलाइनमेंटवाला तुमच्या नावानं बोंब मारतो. रिव्हेटवाला असेल तर रिव्हेटची डोकी ग्राइंडरनं उडवून पंच करा. नव्या जॉइंटबरोबर येणारे बोल्टच लावा. आणि जिथे आर्मचे बुशही गेलेत, तिथे नुसता जॉइंट बदलण्याऐवजी आख्खा आर्म लावण्याचा हिशेब गिऱ्हाइकासमोर मांडा. कधी कधी तो त्यालाही स्वस्त पडतो आणि तुम्हालाही.

टेपर कापडानं कोरडा, स्वच्छ पुसा. कॅसल नट ठरलेल्या टॉर्कला आवळा. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला, अंदाजाचा नाही. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून कधीच नाही. स्प्लिट पिन नवी. आणि आर्मच्या रबर बुशचे बोल्ट सोडले असतील तर ते शेवटचे आवळायचे गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. हवेत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो. नंतर अलाइनमेंट.

आता पैशाचं बोलू

बीबीएला कॉस्टिंग शिकलो तेव्हा उदाहरणं कारखान्यांची होती. गॅरेजला तेच लावून पाहा. समजण्यासाठी आकडे धरू. भाडं, लाइट, दोन पोरांचा पगार, चहापाणी धरून महिन्याचा खर्च ५२,००० रुपये. महिन्यात २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. एका तासाला २५० रुपये तुमच्या खिशातून जातायत, गाडी असो वा नसो. बॉल जॉइंटची मजुरी ५०० सांगितली आणि काम तासात झालं तर ठीक. तोच जॉइंट जाम निघाला आणि तीन तास गेले तर खर्च ७५०. म्हणजे घाम गाळून तुम्ही २५० रुपये गिऱ्हाइकाला दिलेत. पुलर समजा १,५०० चा आहे आणि अशा कामात दोन तास वाचवतो, तर तीन जाम गाड्यांत त्याची किंमत वसूल. तरीही कितीतरी गॅरेजात पुलर शेजारून मागून आणतात. शेजारचा नेमका त्याच दिवशी वापरत असतो!

एस्टिमेट दोन ओळींत द्या. सरळ निघाला तर इतके, जाम निघाला तर इतक्यापर्यंत. आणि पिंच बोल्ट तुटून खरादीकडे जावं लागलं तर फोन करून विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही, हेही त्यातच. व्हॉट्सॲपवर पाठवा, गिऱ्हाइकाचा "हो" येऊ द्या. लोकांना वाढीव रकमेचा राग येतो तो बहुतेक वेळा ती शेवटी कळते म्हणून. सकाळी नऊला "भाऊ, ही गाडी खारपाणातली आहे, नट त्रास देईल असं दिसतंय, ७०० पर्यंत जाऊ शकतं" असं सांगा. तोच माणूस संध्याकाळी मुकाट पैसे देतो. आणि सरळ निघाला तर ५०० च घ्या. २०० वाचलेला माणूस गावात जाऊन चार जणांना सांगतो, ती जाहिरात फुकट.

पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलू नका. खामगाव, मलकापूर, अकोला, जिथून मागवत असाल तिथून आधी येऊ द्या, डब्यातून काढून दांडीची जाडी, खाच, टेपर पाहा, मगच चाक काढा. उघडी पडलेली गाडी जागा अडवते, आणि दोन दिवस बसलेलं गिऱ्हाईक तुमच्याबद्दल काय बोलेल ते तुम्हीच ठरवा.

जॉइंट खरंच गेलाय का, हे गिऱ्हाइकाला दाखवायचा मार्गही सोपा आहे. चाक हवेत घेऊन वरखाली धरून हलवा, टायरखाली टॉमी घालून उचला आणि त्याला आर्म-नकलच्या सांध्याकडे पाहायला सांगा. डबल आर्मच्या गाडीत आधी खालच्या आर्मला जॅक द्या, नाहीतर स्प्रिंगच्या दाबानं ढिलाई लपते. चाक आडवं, म्हणजे तीन आणि नऊच्या काट्यावर हललं, तर संशय आधी टाय रॉड एंडवर घ्या. मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा. काढलेला जॉइंट पिशवीत घालून बिलाबरोबर द्या, आणि गाडी ५०० किलोमीटर चालली की नट व बूट बघायला एकदा आणायला सांगा, त्याचे पैसे न घेता. पुढच्या व्हिडिओत टाय रॉड एंड घेणार आहे. टेपर तोच, पण अलाइनमेंट बिघडू न देता आटे मोजून कसा काढायचा ते दाखवतो.